आमच्याकडे वळवलेली थंड बाजू

भावाच्या तेराव्याला त्याचा मित्र जेवायला आला होता. आमच्या घरात तेराव्याच्या जेवणाला वैकुंठ समाराधना म्हणतात. तीनचार शतकं कन्नड मुलखात राहून आमचे विधी आणि आमची भाषा दोन्ही निम्मी कन्नड झाली आहेत. त्या दिवशी घराने पुन्हा गोड खायचं असतं. मित्राने होळिगे, म्हणजे आमची पुरणपोळी, दोनदा मागून घेतली, वर तूपही घेतलं. हात धुऊन तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, चूक कोणाकडूनही होते. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. मी केव्हाच विसरलोय ते."

मी म्हणाले, "विडा घ्या."

त्याने विडा घेतला. तबक खाली ठेवताना मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. सूड घेणारी माणसं मी पुस्तकांत पुष्कळ पाहिली होती आणि ती सगळी तापट होती. माझं तसं झालं नाही. आत सगळं एकदम शांत झालं. गर्दीच्या घरात कोणीतरी पंखा बंद करावा आणि मगच आपल्याला कळावं की तो इतका वेळ वाजत होता, तसं.

आता मुळापासून सांगते.

भाऊ माझ्याहून लहान. मी लग्न केलं नाही. त्याने केलं, ते टिकलं नाही. आईवडिलांच्या मागे जयनगरच्या घरात आम्ही दोघंच राहिलो. तो बेळ्ळंदूरच्या एका लहानशा कंपनीत कामाला होता. तिथे उपग्रह बनवत आणि तो त्यांच्या उष्णतेचं काम पाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. अवकाशात एवढी थंडी, तिथे उष्णतेचं काय काम? तो म्हणाला, "अक्का, थर्मास थंड जागी ठेवला तर आतली कॉफी लगेच निवते का?" तिथे वारा नाही, पाणी नाही. गरम वस्तूला आपली ऊब कोणाच्या हाती देऊन टाकता येत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडासारखी ती चहूकडे फेकावी लागते. त्यासाठी उपग्रहाला एक मोठा पत्रा लावतात. त्या पत्र्यातून आतली उष्णता आकाशात जाते.

त्यांच्या एका उपग्रहावर उष्णता पाहणारा डोळा होता. असा डोळा स्वतः अतिशय थंड असावा लागतो, नाहीतर त्याला स्वतःचीच ऊब दिसत राहते. भावाने त्या डोळ्यासाठी भला मोठा पत्रा धरला होता. मित्र त्याच कंपनीत त्याचा वरिष्ठ होता. त्याला त्या जागेत दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची पेटी बसवायची होती. त्याने पत्रा कापायला सांगितला. भाऊ म्हणाला, "कापलास तर ऊब परत आत येईल, डोळा आंधळा होईल." हे बोलणं झालं कॉफीच्या मशीनपाशी, उभ्याउभ्या. त्या कंपनीत सगळे निर्णय तिथेच होत. पत्रा कापला गेला. उपग्रह वर गेला, काही दिवस त्याला नीट दिसलं, मग चित्रं पांढरी यायला लागली आणि शेवटी सगळंच पांढरं झालं.

चौकशी बसली. मित्राने तिथे सांगितलं, "उष्णतेतलं मला काही कळत नाही. मी सर्किटवाला माणूस. पत्रा केवढा हे त्याने सांगितलं, मी विश्वास ठेवला." चौकशीत बाहेरचा एक तज्ज्ञ हवा होता. मित्रानेच नाव सुचवलं ते मेष्ट्रूंचं. मेष्ट्रू म्हणजे आमच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे राहणारे निवृत्त शास्त्रज्ञ. मेष्ट्रू हे कन्नडात शिक्षकाला म्हणतात आणि सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारते. त्यांनी मित्राचं ऐकलं, मान हलवली आणि सही केली. भावाची नोकरी गेली.

नोकरी गेल्याचं त्याला फार वाटलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मेष्ट्रूंनी सही केली, अक्का." पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी कॉफीचा पेला समोर असताना त्याने टेबलावर डोकं ठेवलं. मला वाटलं, पेंगला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टरांशी वाद घातला नाही.

आता खेळाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या खेळात झालं.

भाऊ आणि तो मित्र कितीतरी वर्षांपूर्वी, दोघंही पोरसवदा असताना, एक युद्धाचा खेळ खेळू लागले होते. मित्र तेव्हा पुण्याहून नुकताच आला होता, त्याला बेंगळूरूत घर मिळत नव्हतं आणि तो आमच्याकडे जेवायला असे. जेवणाच्या टेबलावर त्या दोघांनी खेळाचे नियम बसवले. युद्ध अवकाशातलं, पूर्ण काल्पनिक. देशांची नावं नाहीत. एक बाजू 'आतले', पृथ्वीजवळचे; ती भावाची. दुसरी 'बाहेरचे', मंगळाजवळचे. सगळा खेळ एकाच गोष्टीवर: कोण कोणाला दिसतं. पुढे मेष्ट्रूंना हा खेळ कळला आणि ते पंच झाले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी माडीवर बैठक बसे. मधल्या हॉलमध्ये मेष्ट्रू, दोन्ही बाजूंच्या खोल्यांत दोन पक्ष, दारं लोटलेली. जहाजांऐवजी चिंचोके. मेष्ट्रू एका खोलीतून दुसरीत जात आणि प्रत्येकाला त्याच्या डोळ्यांना जेवढं दिसेल तेवढंच सांगत.

मी त्या वयात या खेळाला पोरखेळ म्हणत असे. मित्र मला म्हणे, "ताई, तुमचं मराठी म्युझियममध्ये ठेवायला हवं आणि आमचा खेळ तुमच्या इतिहासात." मी हसत असे. तो वाढलेलं सगळं संपवी, हे मला आवडे.

भाऊ मला म्हणे, त्या आकाशात लपायला जागाच नाही. मागचं सगळं आभाळ इतकं थंड आहे, की त्यावर माणसं बसलेलं कुठलंही जहाज अंधाऱ्या मैदानातल्या शेकोटीसारखं दिसतं. इंजिन पेटवलं तर विचारूच नका. ते बंद केलं तरी आत माणसं आहेत, यंत्रं आहेत, त्यांची ऊब आहे. पण मित्र दरवेळी लपायचाच डाव खेळे. त्याच्याकडे त्याची एक युक्ती होती. ती भावाने मला नोकरी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात समजावून दिली, स्वयंपाकघरात.

अवरेकाळूचे, म्हणजे ओल्या पावट्याचे, दिवस होते. भिजवलेले दाणे चिमटीत दाबून साल काढायची, आतली डाळ भांड्यात पडते. घरात बसलेल्या माणसाला हे काम चांगलं. भाऊ दाणे दाबत होता, मी फोडणीला तेल ठेवलं होतं. तो उठला, एक स्टीलचं ताट घेतलं आणि माझा चेहरा आणि गॅस यांच्या मध्ये धरलं.

"आता झळ लागते?"

"नाही."

"मग ऊब गेली कुठे?"

"मला काय माहीत? ताट काढ, तेल जळेल."

"पलीकडे गेली. खिडकीत उभ्या असलेल्या बाईला विचार, तिला दुप्पट लागत असेल."

"खिडकीत कोण बाई आहे?"

"तेच तर, अक्का. तो नेहमी धरून चालतो की खिडकीत कोणी नाही. शत्रू समोर आहे, मग शत्रूकडे थंड बाजू करायची आणि सगळी ऊब पाठीमागून सोडायची. समोरच्याला वाटतं, काहीच नाही तिथे."

"आणि खिडकीत कोणी असलं तर?"

तो परत दाण्यांपाशी बसला. "मी एक ठेवलाय," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं की चालू डावाच्या सुरुवातीलाच त्याने एक छोटा डोळा ग्रहांच्या पातळीच्या वर फेकला होता. फेकताना इंजिन पेटलं ते सगळ्यांना दिसलं, ते लपवता येतच नाही. पण लगेच त्याने डोळा पूर्ण बंद केला आणि तोंड पाडून बसला. मित्राला वाटलं, यंत्र बिघडलं. तो पलीकडच्या खोलीतून ओरडला होता, "अरे, वर काय आहे? देव आहे का?" त्यानंतर त्याने त्या डोळ्याची मोजणी सोडून दिली. तिकडे इंजिन लागत नाही. एकदा फेकलं की वस्तू जात राहते.

"तो जिवंत आहे हे मेष्ट्रूंना माहीत?"

"पंचाला सगळं माहीत असतं. पण तो विचारल्याशिवाय सांगत नाही." भावाने आणखी एक दाणा दाबला. "ज्याला तो संपला म्हणतो ना, त्याच्याकडे तो पुन्हा बघत नाही. एवढीच त्याची खोड आहे."

नोकरी गेल्यापासून भाऊ रविवारी जात नव्हता. त्याच्या बाजूला एक मुलगी होती, बेळगावची, त्याच कंपनीत वेगळ्या विभागात नव्याने लागलेली. तिने डाव कसाबसा चालू ठेवला होता.

तेराव्याच्या दिवशी, मित्र विडा खाऊन गेल्यावर, मेष्ट्रू दाराशी थांबले. "अम्मा, तो खेळ आता बंद करू या," ते म्हणाले. मी कॉलेजात शिकत होते तेव्हापासून ते मला अम्मा म्हणतात.

"नको," मी म्हणाले. "त्याच्या खुर्चीवर मी बसते."

त्यांना वाटलं, हे दुःख आहे. मित्राला कळलं तेव्हा त्यालाही तसंच वाटलं. त्याने मला फोन केला. "ताई, फार छान. तुम्हालाही जरा विरंगुळा. मी तुमच्याशी सौम्य खेळेन हां."

"नको हो," मी म्हणाले. "जसे त्याच्याशी खेळत होता तसेच खेळा."

मला नेमकं काय हवं होतं, तेही लिहून टाकते. त्याला दुखापत व्हावी असं मला वाटत होतं, पण ते पुरणार नव्हतं. मला हवं होतं की त्याने स्वतःच्या तोंडाने, मेष्ट्रूंच्या देखत, सांगावं की पत्रा कापला तर काय होतं हे त्याला माहीत होतं. बाकी कशाने भावाच्या नावावरचा तो डाग निघणार नव्हता. त्या दोघांच्या बोलण्याला साक्षीदार नव्हता. मी सरळ विचारलं असतं तर त्याने मान तिरकी करून म्हटलं असतं, ताई, तुम्ही दुःखात आहात. थंड बाजू आमच्याकडे होती. मला पाठीमागे जायला हवं होतं.

आणि खेळात एक प्रथा होती. कोणाचं जहाज दिसलं की मेष्ट्रू दोन्ही दारं उघडत, सगळे हॉलमध्ये येत आणि तो चिंचोका टेबलावर मधोमध ठेवला जाई. ज्याचं जहाज त्याला तक्रार करायचा हक्क असे. त्याने फळ्यापाशी उभं राहून आपलं जहाज दिसणं कसं शक्य नाही हे सगळ्यांसमोर गणिताने पटवून द्यायचं. प्रतिपक्षाला प्रश्न विचारता येत. पटलं तर जहाज वाचलं. भाऊ क्वचित तक्रार करी. मित्र नेहमी करी, पण तेव्हा तो अंतरांचं आणि कोनांचं गणित मांडी; उष्णतेचे नियम भावाचे, असंच मेष्ट्रू धरून चालत. दिसलो हे त्याला सहनच होत नसे.

मी शिकायला बसले. या वयात उष्णतेचं शास्त्र शिकणं म्हणजे परक्या गावात पत्ता शोधणं. भावाची पुस्तकं घरातच होती. समजलं नाही ते बेळगावच्या मुलीला विचारी. ती सुट्टीच्या दुपारी महादेवपुऱ्याहून बस बदलत यायची, चप्पल काढता काढता बोलायला सुरुवात करायची.

"काय ओ अक्का, किती वाचताय. परीक्षेला बसणार काय?"

"बसणार आहे."

"कसली ओ?"

"तोंडी."

ती हसली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिला नोकरी करायची होती, त्याच इमारतीत.

रविवारी मी डबा घेऊन जाई. मित्राला आमच्या घरच्या चिरोट्या आवडत, त्या करून नेई. तो पिठीसाखर झटकत म्हणे, "ताई, शत्रूला असं खाऊ घालतात का कुठे?" मी म्हणे, "खा हो." त्याला वजनाबद्दल सांभाळा असंही सांगितलं. माझ्या आवाजात काहीच नव्हतं. मला स्वतःलाच त्याचं नवल वाटे. इतकी वर्षं मी स्वतःला सरळ बाई समजत होते.

खेळात त्याचं मोठं जहाज निघालं होतं. निघतानाची आग आम्हाला दिसली, मग ती विझली आणि जहाज नाहीसं झालं. आमचे दोन डोळे समोर होते. त्यांना तिथे नुसतं थंड आभाळ दिसे. आमच्या खोलीत येऊन मेष्ट्रू तेच सांगत: "काही नाही." मी विचारी, "आमचा झोपलेला डोळा कुठे आहे?" ते क्षणभर माझ्याकडे बघत आणि खिशातून एक चिंचोका काढून नकाशावर ठेवत. दर रविवारी तो थोडा पुढे गेलेला असे. माणूस गेला होता आणि त्याने फेकलेलं जात होतं. पहिल्या रविवारी ते पाहून मला रडू आलं. पुढच्या रविवारांत नाही.

"अक्का, उठवू या की ओ आता," मुलगी कुजबुजे. "तो ह्याच वाटेनं येणार की ओ. पाठ दिसायला लागली असणार."

"अजून नाही."

"का ओ?"

"त्याला अजून पुढे येऊ दे."

त्याने सगळं त्या जहाजावर लावावं, परतीची वाट उरू नये, असं मला हवं होतं. ज्याच्याकडे गमवायला काही उरलेलं असतं तो गप्प बसतो. मला तो बोलायला हवा होता.

ज्या रविवारी मी डोळा उठवायला सांगितलं, त्या दिवशी मेष्ट्रूंच्या घरी खालच्या मजल्यावर कोणीतरी नारळ किसत होतं, त्याचा आवाज वर येत होता. मेष्ट्रूंनी आमच्या खोलीत बसून गणित केलं, तपासलं, पुन्हा तपासलं. मग चष्मा पुसत उठले आणि दोन्ही दारं उघडली.

"बन्नी, बन्नी. दोन्ही बाजूंनी या."

मित्र कॉफीचा पेला हातात घेऊन आला. टेबलावर मधोमध आपला चिंचोका पाहून त्याने आधी माझ्याकडे, मग त्या मुलीकडे पाहिलं.

"हे काय? कोणी पाहिलं?"

"पाठीमागून," मेष्ट्रू म्हणाले.

"पाठीमागे कोण आहे? पाठीमागे कोणीच नाहीये."

"वर फेकलेला तो डोळा आहे."

"तो?" मित्र मोठ्याने हसला. "तो मेलेला आहे, सर. मी स्वतः पाहिलाय मरताना."

"झोपलेला होता की ओ सर," बेळगावची मुलगी म्हणाली. तिला राहवलं नाही.

त्याचं हसणं हळूहळू थांबलं. त्याने पेला खिडकीत ठेवला. "तक्रार," तो म्हणाला.

"मांडा," मेष्ट्रू म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तो फळ्यापाशी गेला. त्याने जहाज काढलं, पुढची थंड ढाल काढली, मागे रुंद पत्रा काढला. तो छान समजावत असे, हे मान्य करायला हवं. त्याचं म्हणणं असं की त्याने मागचा पत्रा प्रचंड मोठा ठेवला आहे. तीच ऊब मोठ्या पत्र्यावर पसरली की पत्रा कोमट राहतो, तापत नाही. एवढ्याशा डोळ्याला एवढ्या लांबून कोमट पत्रा दिसायचा नाही. त्याने आकडे लिहिले. मेष्ट्रू हनुवटीला हात लावून वाचत होते. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, कारण त्याचं पटत होतं.

"मला एक विचारायचंय," मी म्हणाले.

"विचारा ना ताई."

"एवढा अगडबंब पत्रा कशाला? जहाजावर जागा तरी किती खाल्ली त्याने. लहान ठेवायचा होता. तुकडा कापला असता तर तिथे आणखी काही बसवता आलं असतं."

त्याने मेष्ट्रूंकडे पाहून डोळे मिचकावले. "ताई, हा इतिहास नाही. इथे मनाला येईल तसं नाही करता येत."

"का? कापला तर काय होईल?"

"काय होईल? ऊब जाणार कुठे? बाहेर पडायला जागा नसली की ती आत तुंबते. परत पुढे येते. ही थंड बाजू तापायला लागते. आत डोळे असतील तर ते आंधळे. आधी थोडे दिवस बरं चालेल, मग हळूहळू सगळं पांढरं." त्याने ढालीवर खडूने रेघोट्या ओढल्या. "पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे."

"तुम्हालाही पहिल्या वर्षापासून कळतं?"

"अर्थात! या खेळातले उष्णतेचे नियम अर्धे मी लिहिलेत. तुमच्याच घरी, तुमच्याच टेबलावर. तुम्ही वाढत होता."

"मला आठवतं," मी म्हणाले. "आणि किती कापला की किती तापेल, हे सांगता येतं?"

"आत्ता सांगतो." तो फळ्याकडे वळला. एक ओळ लिहिली, तिच्याखाली दुसरी. खडू भराभर चालत होता. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तो थांबला.

खाली नारळ किसण्याचा आवाज चालूच होता. बेळगावच्या मुलीने ओठांवर हात ठेवला होता. मेष्ट्रूंनी चष्मा काढला होता आणि ते फळ्याकडे बघत नव्हते, त्याच्या पाठीकडे बघत होते.

"तू मला सांगितलंस," मेष्ट्रू हळू म्हणाले, "की उष्णतेतलं तुला काही कळत नाही."

तो वळला. खडू हातातच होता. "सर, ते... ते वेगळं होतं. ते ऑफिस. हा खेळ आहे."

"हो," मी म्हणाले. "म्हणून इथे खरं बोललात."

"ताई, तुम्ही हे मुद्दाम—"

"मुद्दाम. चिरोट्यांपासून मुद्दाम."

तो मुलीकडे वळला, जणू ती त्याच्या बाजूने काही बोलेल. तिने मान खाली घातली नाही. बेळ्ळंदूरच्या त्या इमारतीत तिला रोज त्याला गुड मॉर्निंग म्हणावं लागे. ती म्हणाली, "सर, मी ऐकलं हां. सगळं ऐकलं."

"तक्रार फेटाळली," मेष्ट्रू म्हणाले. त्यांनी चिंचोका उचलून डबीत टाकला. मग ते माझ्याकडे वळले. "अम्मा, मी सही केली."

"हो मेष्ट्रू. तुम्ही केली."

ते काहीतरी ऐकायची वाट बघत होते. तुम्हाला तरी कसं कळणार, असं काहीतरी. ते म्हातारे आहेत आणि त्यांनी मला कॉलेजच्या दिवसांत पुस्तकं दिली होती. मी डबा आवरला, झाकण लावलं आणि खाली उतरले. त्यांच्यावरचाही माझा राग तेवढाच होता. तो तिथेच निवळला असता तर सोयीचं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मेष्ट्रू स्वतः रिक्षा करून बेळ्ळंदूरला गेले. बरोबर ती मुलगी होती. मी गेले नाही. नंतर कंपनीतून एका बाईंनी फोन केला आणि इंग्रजीत सांगितलं की आधीचा निष्कर्ष मागे घेतला आहे, आम्हाला खेद आहे. मी म्हणाले, खेद मला सांगू नका. ज्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून माझ्या भावाचं नाव घेतलं होतं, त्याच हॉलमध्ये सगळ्यांना बसवून पुन्हा घ्या. त्या बाईंनी विचारून कळवते म्हटलं. शेवटी त्यांनी तसं केलं. मुलीने येऊन मला सगळं सांगितलं. कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं. मित्र मागच्या रांगेत दाराजवळ होता, त्याला उभं केलं. तो काय बोलला ते मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना मला पहिल्याहून जास्त बरं वाटलं.

"आता झालं की ओ अक्का?" तिने विचारलं.

मी तिला चिरोटी दिली. झालं की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. ज्याच्यासाठी हे केलं त्याला ते सांगायला जावं अशी खोली घरात नव्हती. त्याच्या खोलीत मी कपडे वाळत घालते.

हिवाळ्यात, पुन्हा अवरेकाळू बाजारात आल्यावर, एका दुपारी मित्र आला. नोकरी सुटली होती, तो बेंगळूरू सोडून निघाला होता. फाटकाच्या बाहेरच थांबला. वाळला होता. मी ओसरीत दाणे दाबत बसले होते. उठून फाटकापर्यंत गेले, हात ओले होते.

"ताई," तो म्हणाला, "तो माझा मित्र होता. तुम्हाला खोटं वाटेल, पण होता."

"खोटं नाही वाटत."

"मला घाबरायला झालं होतं तेव्हा. एवढंच. वरून विचारत होते, कोणी केलं, कोणी केलं. माझ्या तोंडातून त्याचं नाव गेलं. मग परत घेता येईना." त्याने फाटकाच्या गजाला हात लावला. "तुम्ही मला माफ नाही केलंत तरी चालेल. फक्त एकदा म्हणा, की चूक झाली."

त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, जो कितीतरी वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर बसून आणखी एक पोळी मागताना असे. माझ्या आत काहीतरी हललं, हे मी नाकारत नाही. पण ज्या सकाळी भावाने टेबलावर डोकं ठेवलं तेही तेच टेबल.

"चूक कोणाकडूनही होते," मी म्हणाले.

त्याचे खांदे सैल पडले. डोळे भरून आले.

"तुमच्याकडून चूक झाली नाही," मी म्हणाले. "तुम्हाला गणित येत होतं."

त्याने गजावरचा हात काढला. मी कडी लावली आणि ओसरीत येऊन बसले. भांड्यात अजून बरेच दाणे उरले होते. एका माणसाला ते फार होतात, पण मी सवयीने तेवढेच भिजवते.